सरांच्या नावापुढची रेघ

ती बाई आमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी चहा घेत होते आणि चिडलेली होते. मला चिडायला कारण लागतंच असं नाही, पण त्या दिवशी होतं. आठवडाभर मी तापाने घरी पडून होते, आणि तेवढ्यात आमच्या साहेबांनी, म्हणजे ग्रंथालयाच्या प्रमुखांनी, माझ्या यादीला हात घातला होता.

यादी म्हणजे काय ते सांगते. कॅटलॉगमध्ये प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत 'प्रकार' अशी एक ओळ असते. पुस्तक कशाबद्दल आहे ते ती सांगत नाही, पुस्तक मुळात काय आहे ते सांगते. कादंबरी, रोजनिशी, नकाशासंग्रह, शब्दकोश. हे शब्द ज्याने त्याने मनाला येतील तसे लिहायचे नसतात. ते ठरलेले असतात, आणि त्यांची यादी सांभाळणं हे माझं काम. यादीतला एक शब्द बदलला की तो शब्द असलेल्या सगळ्या नोंदी एका फटक्यात बदलतात. म्हणून यादीला हात लावण्याआधी दहादा विचार करायचा, हे सरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सर म्हणजे माझ्या आधीचे कॅटलॉगर. ही यादी त्यांनी उभी केली आणि मला काम त्यांनीच शिकवलं, बहुतेक वेळा ओरडून.

साहेब मात्र कुठल्याशा चर्चासत्राला जाऊन आले होते आणि यादी लांबली की वाचक गोंधळतो असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. वाचकाचा गोंधळ त्यांना कुठे भेटला ते तेच जाणोत. माझ्या टेबलावर त्यांची चिठ्ठी होती, जवळजवळचे शब्द एकत्र केले आहेत, सवडीने पाहून घ्या. मी अजून कॉम्प्युटरही सुरू केला नव्हता. चहा संपल्याशिवाय करणारही नव्हते.

बाई चाळिशीच्या आसपासची होती. हातात चाकांची बॅग, तिच्या मुठीला विमानतळाचं लेबल लोंबत होतं. कपड्यांवरून कळत होतं की ती कुठेही न थांबता सरळ इथे आली आहे. मी वाचनकक्ष खाली आहे म्हणून सांगितलं, तर म्हणाली, तिला कॅटलॉगच्या खोलीतच यायचं होतं. मग तिने सरांचं नाव घेतलं.

"त्यांचा स्मृतिग्रंथ तुमच्याकडे आहे," ती म्हणाली. "मला पुस्तक नको आहे. मला त्यांची तारीख हवी आहे. ते कधी गेले ती."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. सर गेले? मी आजारी असताना? आठवडाभर माझा फोन बंदच होता, औषध घ्यायचं आणि झोपायचं, एवढंच चाललं होतं. म्हणजे सर गेले, सगळे जाऊन आले, आणि मला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. मी कप ठेवायला गेले तर तो टेबलाच्या कडेवर ठेवला गेला आणि खाली पडून फुटला.

"तुम्हालाही माहीत नव्हतं?" तिने विचारलं. "पण पुस्तकाचं साल तर जुनं आहे. त्याला बरीच वर्षं झाली."

बरीच वर्षं हे ऐकलं आणि माझं डोकं थोडं ताळ्यावर आलं. सर तर मी आजारी पडायच्या आदल्या दिवशी खाली वर्तमानपत्र वाचत होते आणि जाता जाता मला एका चुकलेल्या नोंदीवरून बोलून गेले होते. मी कॉम्प्युटर सुरू केला आणि सरांचं नाव टाकलं. एकच पुस्तक होतं. सर निवृत्त झाले तेव्हा आम्ही सगळ्यांनी लेख लिहून त्यांच्या हाती दिलेलं. त्यात माझाही लेख आहे. स्वतःच्या सत्काराचं पुस्तक, पण सरांनी त्यातला माझा लेख लाल पेनाने दुरुस्त करून मला परत दिला होता. त्या नोंदीत प्रकाराच्या ओळीवर मी माझ्या हाताने 'गौरवग्रंथ' लिहिलं होतं. आता तिथे 'स्मृतिग्रंथ' होतं.

साहेबांनी जवळजवळचे शब्द एकत्र केले होते.

गौरवग्रंथ माणसाच्या हातात देतात. स्मृतिग्रंथ माणूस गेल्यावर काढतात. यात जवळ काय आहे? मी 'स्मृतिग्रंथ' या शब्दावर टिचकी मारली आणि पडद्यावर रांग लागली. जिवंत माणसांची. ज्या डॉक्टरांनी परवाच माझा ताप बघितला होता, ते गेलेले. रस्त्यापलीकडच्या शाळेच्या निवृत्त बाई गेलेल्या. साहेबांचे स्वतःचे सासरे गेलेले. एवढ्या माणसांना एका दुपारात, बसल्या खुर्चीवरून, कुणी मारलं नसेल.

"सर आहेत," मी कशीबशी म्हणाले. "ही चूक आहे. आमची. सर आहेत, धडधाकट आहेत. या वेळेला खाली पेपर वाचत असतात."

मला वाटलं ती रडेल, निदान जीव भांड्यात पडल्यासारखी बसेल तरी. ती उभीच राहिली. मग तिने वाकून बॅगेची मूठ धरली.

"मग मी निघते," ती म्हणाली.

मी चाट पडले. अशी तडकाफडकी पाठ फक्त सर फिरवत. तेव्हा मला कळलं की ही सरांची मुलगी. सरांना बाहेरदेशी एक मुलगी आहे एवढं आम्हाला माहीत होतं, पण त्यांच्यासमोर तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती. मी विचारलं नाही तरी तिनेच सांगितलं, दारात उभी राहून, एखादी तक्रार नोंदवावी तशी. ती शिकायला गेली होती आणि तिकडे परीक्षा चालू असताना आई आजारी पडली. वडिलांनी कळवलं नाही. परीक्षा संपल्यावर घरी फोन केला तर शेजारच्या काकूंनी उचलला आणि आई गेल्याचं त्यांच्याकडून कळलं. ती धावत आली तोवर सगळं उरकलं होतं. दार वडिलांनी उघडलं, आणि त्यांचा पहिला शब्द होता, तुला कुणी कळवलं? ती त्याच पावली परतली. त्यानंतर वडिलांचं एक पत्र आलं, पण दोघांत बोलणं नाही. गेल्या आठवड्यात सहज, का ते तिलाही सांगता येत नव्हतं, तिने आमच्या कॅटलॉगमध्ये बाबांचं नाव शोधलं.

"नावापुढे जन्मसाल आणि रेघ होती," ती म्हणाली. "रेघेपुढे काही नव्हतं. आणि खाली स्मृतिग्रंथ. मला वाटलं, माणूस जाऊन वर्षं झाली आणि तेवढं साल भरायचंही कुणाला सुचलं नाही. आणि मला परत कुणी सांगितलं नाही."

ती रेघ तिला माहीत असणारच. माणूस हयात असेपर्यंत आम्ही जन्मसालापुढे नुसती रेघ ओढून ठेवतो, गेल्यावर पुढे साल लिहितो. लहानपणी ती याच खोलीत टेबलाखाली खेळली होती.

"गेलेल्या माणसावरचा राग सोडून द्यायचा, असं ठरवून आले होते मी," ती म्हणाली. "जिवंत माणसाचं काय करायचं ते मला माहीत नाही."

तिला जाऊ दिलं तर ती पुन्हा येणार नाही, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. सर खाली बसलेले, ही वर, मध्ये एक जिना, आणि ही निघालेली. मी दारात आडवी उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. नोंदीत चूक दाखवणाऱ्याने दुरुस्ती होईपर्यंत थांबायचं असतं, असा इथला नियम आहे म्हणाले.

"बाबांच्या वेळी असा नियम नव्हता," ती म्हणाली.

आत्ताही नव्हता. पण मी दारातून हलले नाही, आणि तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. आधी काठी, मग आवाज. सरांचा आवाज वयाने बारीक झालेला नाही.

"मला कुणी मारलं?" सर जिन्यातूनच विचारत होते. "खालच्या कॉम्प्युटरवर मी मेलोय. माझ्याच यादीत. कुणाचं हे काम?"

त्यांच्या मागून साहेब सारवासारव करत येत होते, तांत्रिक बाब आहे, होऊन जाईल, आपण बसा ना. सरांनी मला काठीने बाजूला केलं, आत पाऊल टाकलं आणि मुलीला पाहिलं.

मी सरांना घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. काठी हातातून सुटली. ती उचलायला मुलगी वाकली, मग थांबली आणि तशीच सरळ झाली. काठी साहेबांनी उचलली. दिवसभरात त्यांनी केलेलं तेवढंच एक बरं काम.

"तुला कुणी कळवलं?" सर म्हणाले.

तेच शब्द. सरांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले.

"कुणीच नाही," मुलगी म्हणाली. "याही वेळी कुणीच नाही. कॅटलॉगमध्ये वाचलं."

साहेबांना मी नजरेनेच जा म्हणाले आणि ते गेले. मीही जायला हवं होतं, पण माझे पाय उचलेनात. सर माझ्या खुर्चीत बसले. टेबलावरची साहेबांची चिठ्ठी त्यांनी न वाचताच उलटी ठेवली.

"परीक्षा संपेपर्यंत तिला कळवू नका, असं तुझ्या आईने बजावलं होतं, असं मी पत्रात लिहिलं होतं तुला," ते म्हणाले. "ते खरं नव्हतं. ती तुला रोज बोलवायला सांगत होती. मीच बोलावलं नाही. तुला बोलावलं तर ती जाणार हे मान्य केल्यासारखं होईल, असं वाटायचं मला. मी कळवायला हवं होतं."

मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला केवढा धक्का बसला असेल! इतकी वर्षं ती ज्या गोष्टीवर रागावली होती, तिच्या मागे तिच्याहून वाईट गोष्ट निघाली. ती आता जाईल, आणि तिला कुणी दोष देऊ शकणार नाही, असं मला वाटलं. मी दारातून बाजूला झाले.

ती गेली नाही. तिने बॅग आडवी केली, तिच्यावर बसली आणि रडली. सरांनी हात पुढे केला नाही आणि तिनेही मागितला नाही. मी कपाचे तुकडे गोळा करत बसले, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

शेवटी सरांनीच घसा खाकरला. एक नोंद चुकीची ठेवून ते कधी घरी गेले नव्हते. त्यांनी मला गौरवग्रंथ पुन्हा वेगळा काढायला लावलं. एका फटक्यात जोडलेलं एका फटक्यात सुटत नाही, प्रत्येक पुस्तक बघावं लागतं. मी नावं वाचत गेले आणि सर डोळे मिटून सांगत गेले, कुठलं हातात दिलेलं, कुठलं मागाहून काढलेलं. एका नावाला मुलगी मध्येच बोलली.

"हे काका तर गेले ना?"

"पुस्तक झालं तेव्हा होते," सर म्हणाले. "प्रकार पुस्तकाचा लिहायचा. माणूस गेल्याचं रेघेपुढे येतं."

मग सरांचं नाव आलं. मी 'गौरवग्रंथ' लिहिलं आणि पुढे जाणार, तेवढ्यात सरांनी थांबवलं. नावाच्या नोंदीला खाली एक रकाना असतो, फक्त आमच्या कामापुरता, वाचकाला तो दिसत नाही. तो उघड म्हणाले.

"लिही. रेघेपुढे साल भरण्याआधी मुलीला फोन करावा." आणि डोळे न उघडता त्यांनी नंबर सांगितला, परदेशातला, लांबलचक, कुठेही न अडखळता.

मी लिहीत होते. मुलगी मागून हळूच म्हणाली, "तो नंबर आता लागत नाही, बाबा. मी कधीच बदलला तो."

"माहीत आहे," सर म्हणाले.

मी टाइप करायची थांबले. तो नंबर लागत नाही हे ज्याने लावून बघितलं त्यालाच माहीत असणार. मुलीच्याही ते लक्षात आलं. ती बॅगेवरून उठली, सरांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि तिने नवा नंबर सांगितला. मी तो लिहिला. मग सरांनी तिला तो पुन्हा एकदा सांगायला लावला, सावकाश, आणि या वेळी तो मी लिहिला नाही, त्यांनी स्वतःशी म्हणून पाठ केला.