बुडालेला तारमास्तर आणि बिस्किटांचा डबा

"निघाली! लाँच निघाली!"

पुएर्तो मांगलेच्या चौकात एकच गलका झाला. चिंचेखाली एवारिस्तोबुवा जाड चिरूट ओढत बसला होता. त्याने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून मोबाईल काढून दिला, समोर उभ्या असलेल्या एका बाईने लाल बटण दाबलं आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली. बायांनी छातीवर क्रूस काढला. बुवाने शेजारी बांधलेल्या कोंबडीकडे समाधानाने पाहिलं. ती त्याची दक्षिणा.

गावाला रस्ता नव्हता, नुसती नदी. आजाऱ्याला नेणारी लाँच, म्हणजे मोटारबोट, बोलवायची तर अ‍ॅपमधूनच; फोन केला तर "अ‍ॅपवरून बोलवा" असं उत्तर मिळे. आणि अ‍ॅप लहरी. कधी चुटकीसरशी चाले, तर कधी चाक गरगरत राही आणि 'वेळ संपली' अशी पाटी येई. शहरातला अ‍ॅपवाला म्हणे, नेटवर्क खराब. टॉवरवाले म्हणत, अ‍ॅप खराब. तिसरं उत्तर बुवाने दिलं.

"शंभर वर्षांपूर्वी इथे एक तारमास्तर बुडाला," तो घोगऱ्या आवाजात सांगे. "निरोप अर्धा राहिला त्याचा! तोच तुमचे निरोप गिळतोय. फोन डब्यात ठेवा, मी नऊ प्रार्थना म्हणतो, धूर देतो. बघा कसा ओकतो!"

आणि खरंच ओकायचा! दवाखान्याची नर्स ओनेइदा हसायची, पण तिलाही याचं उत्तर सापडत नव्हतं.

मग आर्गेमिरोला साप चावला. ओनेइदा त्या दिवशी पलीकडच्या गावी लसी टोचत होती. बायको रोस्मीराने बटण दाबलं. 'वेळ संपली'. ती फोन घेऊन चिंचेखाली धावली. बुवाने शांतपणे नऊच्या नऊ प्रार्थना म्हटल्या. अर्धा तास गेला. लाँच आली, आर्गेमिरो जगला, पण गुडघ्याखालचा पाय गेला.

"नशीब समजा," बुवा म्हणाला, "तारमास्तराला पुरा माणूस हवा होता."

ओनेइदाचं हसू त्या दिवशी संपलं. लाँचवाल्याला सांगून तिने चाचणीसाठी बटण दाबायला सुरुवात केली आणि प्रत्येक वेळ वहीत टिपली. एकदा चाललं की लागोपाठ दाबलं तरी अ‍ॅप चाले. पाच मिनिटांपेक्षा जास्त पडून राहिलं की अडके. एकदाही चुकलं नाही. इतकं वक्तशीर भूत तिने पाहिलं नव्हतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर ती चौकात उभी राहिली.

"बुवा, हा फोन दहा मिनिटं पडून आहे." तिने बटण दाबलं. 'वेळ संपली'. "आता प्रार्थना म्हणा, धूर द्या. फक्त डबा नको."

"डब्याशिवाय? पोरी, आत्म्याला घर लागतं!"

"आत्मा तर नदीत राहतो ना? की भाडेकरू आहे?"

लोक खो खो हसले. बुवाचा नाइलाज झाला. नऊ प्रार्थना झाल्या, आख्खा चिरूट जळला. ओनेइदाने बटण दाबलं. 'वेळ संपली'.

मग तिने तोच फोन डब्यात घातला, झाकण घट्ट लावलं आणि बोलली काहीच नाही. दोन मिनिटांनी काढून बटण दाबलं. हिरवी खूण!

"मंत्राशिवाय डबा चालतो, डब्याशिवाय मंत्र चालत नाही!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"डबासुद्धा नको," ओनेइदा म्हणाली. "अ‍ॅप एकदा जोडणी करतं आणि तीच धरून बसतं. पाच मिनिटं कोणी बोललं नाही की टॉवरवाले ती गुपचूप तोडतात; मी खोदून विचारलं तेव्हा कबूल केलं त्यांनी. अ‍ॅपला पत्ताच नाही! ते मेलेल्या तारेत ओरडत बसतं. पत्र्याच्या डब्यात रेंज जाते, बाहेर काढला की फोन नवी जोडणी करतो. विमानाचं चित्र असलेलं हे बटण चालू करा, दहा आकडे मोजा, बंद करा. तेच होतं."

तिने तसं करून दाखवलं. बुवा डबा काखेत मारून कधी सटकला, कोणालाच कळलं नाही.

रोस्मीरा मात्र जागची हलली नाही. "म्हणजे त्या दिवशी... दहा आकडे?"

ओनेइदाला तिच्या नजरेला नजर देववेना. "हो ताई. आणि मीही नुसती हसत बसले. वही आधीच हातात घ्यायला हवी होती."

वहीची पानं शहरात गेली. आधी अ‍ॅपवाला हुज्जत घालत राहिला, मग कामाला लागला. तीन आठवड्यांनी नवं अ‍ॅप आलं. ते निरोप पाठवण्याआधी जुनी जोडणी टाकून नवी करतं.

पण ओनेइदा आजही दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला बजावते, "एखादी गोष्ट का बिघडते हे कळत नसेल, तर 'कळत नाही' म्हणा. त्यात लाज नाही. कधी बिघडते, कधी चालते, ते लिहून ठेवा. पण न कळलेल्या जागी भूत बसवू नका. भुताची किंमत एका पायाने मोजलीय आपण."