एका हातानं थापलेला पाव

शपथ घेऊन सांगते, पार चौकापर्यंत ऐकू जाईल असं सांगते, यातला शब्द न् शब्द खरा. खोटं असेल तर माझी भट्टी आत्ता विझू दे!

सफ्रू गावातल्या आमच्या गल्लीत घरोघरचे पाव माझ्याच भट्टीत भाजायला येतात. नवरा गेल्यावर मीच बसले तिथे. कुठला पाव कोणाचा, हे सांगायला मला खूण लागत नाही. नुसता वास घेऊन मी एकीला जुळं होणार म्हणून सांगितलंय, तेही तिला कळायच्या आधी! आणि माझा स्वतःचा पाव? चाळीस वर्षं चंद्रासारखा गोल.

तर आमच्याच गल्लीतल्या अल्लालची बायको इत्तो. एक दिवस तिचा पाव आला डावीकडे चपटा, उजवीकडे फुगलेला. म्हणजे एकाच हातानं थापलेला.

"काय गं, उजवा हात माहेरी ठेवून आलीस?"

"जिन्यावरून पडले, मावशी."

आठ दिवसांनी पुन्हा तसाच. हा जिना आहे की लाथा झाडणारं खेचर? मला चैन पडेना. अल्लालचं काम सुटलंय, त्याचा राग असेल म्हटलं. तर काम लागलं त्या आठवड्यातही पाव वाकडाच. दारू म्हणावी, तर रमजानातही तेच. मग इत्तोचं भावाकडे जाणं थांबलं. मग बायकांबरोबर हमामात न्हायला येणं थांबलं. मग भट्टीवरही तिच्याऐवजी सासू यायला लागली, यामना.

तिच्या डोक्यावरची पावांची फळी उतरवताना एकदम आठवलं. असा पाव मी आधी पाहिलाय. तीस वर्षांपूर्वी, याच घरातला.

"यामना, तुमचा जिना फार जुना गं. तूही पडायचीस. अल्लाल तेव्हा एवढासा. बघत असेल ना?"

"तोंड सांभाळ, म्हातारे!"

पण उठली नाही. पाव मांडीवर घेऊन बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "काल त्यानं तिचा गळा धरला."

माझ्या हातातलं फावडं थांबलं. "गळ्यापर्यंत आला तो? मग उद्याच त्या घरातून बाहेर काढ तिला. पुढच्या वेळी उशीर होईल."

दुसऱ्या दिवशी दोघी दोन फळ्या घेऊन निघाल्या. इत्तोच्या फळीवर फडक्याखाली पाव नव्हतेच, तिचे कपडे होते. कॅफेसमोर अल्लाल आडवा आला.

"ही कुठे निघाली?"

"माझी मान धरलीय, दोन्ही फळ्या मला पेलत नाहीत. तिची तू नेतोस का, बायकांसारखी डोक्यावरून?" यामनानं विचारलं.

कॅफेतले सगळे फिदीफिदी हसले. अल्लाल गुपचूप खुर्चीत बसला.

माझ्या भट्टीच्या मागच्या दाराशी, जिथे लाकडं उतरतात तिथे, इत्तोचा भाऊ गाडी घेऊन थांबलेला. मीच निरोप धाडला होता. गेली ती. अल्लाल शोधत आला, तर आई भट्टीच्या दारात बसलेली. म्हणाली, "आत जायचं तर मला ढकलून जा. बापानं शिकवलंय ना तुला?" उभाच राहिला मेला.

इत्तोचा पाव आता तिची वहिनी भाजते. दोन्ही कडा सारख्या, असं ऐकते.

अगं बाई, भट्टी धुपायला लागली की! बरं, सांगून टाकते. सगळं खरं, माझ्या चंद्रासारख्या पावाचं तेवढं पदरचं जोडलं मी. माझाही पाव वाकडाच असायचा, आणि तो माझाच नवरा याच भट्टीत भाजायचा.