अर्जाच्या आधी पडलेला उजेड

मित्रांनो, जरा वर छताकडे पाहा. लोखंडी पिंजऱ्यात अडकवलेला, एका डोळ्याचा मी एक जुना प्रोजेक्टर आहे. माझ्यापुढे जे येईल ते मी भिंतीवर मोठं करून सगळ्यांना दाखवतो. झाकून ठेवणं मला कुणी शिकवलेलंच नाही. एवढं ध्यानात असू द्या.

कारखान्यातून खोक्यात बसून मी थेट या विधी महाविद्यालयात आलो. इथे वकिलांना पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं. दिवसभर कोर्टात भांडून झालं की काळे कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून ते संध्याकाळी बौद्धिक संपदेचा कायदा शिकतात. डोक्यातून निघालेली गोष्ट कोणाच्या मालकीची, याचा हा कायदा. मी नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! पुढे पंखा घरघरू लागला, दिवा उशिरा पेटू लागला. मग शिपाईकाका पाठीत धपाटा घालून म्हणायचे, "उठा महाराज, झोपा काढू नका!"

त्या वर्गात एक वकीलबाई होत्या. घरभाड्याचे खटले चालवता चालवता केस पिकू लागले, तरी त्या पुन्हा बाकावर बसल्या, त्या थोरल्या बहिणीसाठी. ही ताई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. एकदा सुई बोटात घुसली आणि नख कायमचं गेलं. तेव्हा घरी खटपट करून तिने शिवणयंत्राच्या सुईला एक कवच बनवलं. बोट जवळ आलं की ते आपोआप खाली सरकायचं. त्याचं पेटंट मिळेल, मग आपली छोटी कार्यशाळा काढू, या भरवशावर तिने नोकरी सोडली. अर्ज धाकटी करणार होती. घरचीच वकील असताना परक्याचे उंबरठे कशाला झिजवायचे?

पण धाकटीचं समाधान होईना. एक शब्द चुकला तर कुणीतरी त्या फटीतून आत शिरेल, या धास्तीने ती मसुदा खोडायची, पुन्हा लिहायची. अशातच वर्षअखेरीचं खुलं सत्र आलं. प्रत्येकाने आपल्या हातातलं खरं काम मांडायचं होतं. ऐकायला बाहेरचे पाहुणे आणि कंपन्यांची माणसंही येणार होती. तिला वाटलं, एवढे जाणकार एका खोलीत आयते मिळताहेत, मसुदा त्यांच्याकडूनच तपासून घेऊ. अर्जाआधी वस्तू लोकांपुढे आली की तिचं नवेपण संपतं आणि मग पेटंट मिळत नाही, हा धडा तिने घोकलेला होता. पण हा वर्ग तिला बाहेरचा वाटतच नव्हता.

त्या संध्याकाळी माझा दिवा पेटेना. एवढ्या पाहुण्यांपुढे बंद पडायची मला भीती वाटत होती, खरंच सांगतो. पण पाठीत धपाटा बसला आणि मी लख्ख पेटलो. भिंतीवर कवच उमटलं, एकेक दांडी, एकेक स्प्रिंग. पहिल्या रांगेत ताई पदर सावरून बसली होती. आपलं काम एवढं मोठं झालेलं पाहून तिचे डोळे भरून आले.

शेवटच्या रांगेतल्या एका पाहुण्याने सगळं उतरवून घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि तो उठून गेला.

सरांनी हळूच विचारलं, "अर्ज दाखल झालाय ना?"

"मसुदा तयार आहे सर. आज सगळ्यांच्या सूचना घेते आणि उद्या..."

ती बोलता बोलता थांबली. तिची नजर शेवटच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर गेली.

"काय गं, आवडलं नाही का त्यांना?" ताईने विचारलं.

"खूप आवडलं, ताई," ती म्हणाली. तिला बहिणीकडे पाहवत नव्हतं.

जाताना शिपाईकाकांनी मला शाबासकी दिली. "आज गडी कसा झकास चालला!" इतकी वर्षं बंद पडल्याबद्दल बोलणी खाल्ली, पण त्या दिवशीच्या शाबासकीएवढं मला काहीच लागलं नाही.

कवच आता बाजारात सगळीकडे मिळतं. ताई पुन्हा त्याच कारखान्यात आहे. तिच्या यंत्रावरही कवच आहे, पण त्यावर नाव दुसऱ्याचं आहे. धाकटी आता इथेच शिकवते. नव्या वर्गाला पहिल्या दिवशी ती तेच चित्र दाखवते आणि दाखवताना भिंतीकडे पाठ करून उभी राहते.

मित्रांनो, माझी काच पुसा, पंख्यातली धूळ काढा, मला बरं वाटेल. पण कुणी जीव ओतून केलेली वस्तू माझ्यापुढे ठेवण्याआधी त्याच्यासाठी क्षणभर थांबा. दाखवायची वेळ झाली का, हे तुम्हीच विचारा. मी विचारणार नाही. बटण दाबलंत की मी दाखवणारच.