कंपनी बघायला आली

त्या दिवशी मला सकाळी पळू दिलं नाही.

"उनात जाऊ नगंस, काळी पडशील," आई म्हणाली अन् हळदीची वाटी पुढं सरकवली.

"आई, कंपनी पायाला पैसे देणार हाय. तोंडाला न्हाई."

"लाव गुमान."

मी क्रांती. गाव कडेगावजवळ, कॉलेज सांगलीला, शेवटचं वर्ष. पाच हजार अन् दहा हजार मीटर पळते. विद्यापीठांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत दुसरी आले, तेव्हा पुण्यातल्या एका बुटांच्या कंपनीतून फोन आला. ऋषिराज नावाचा पोरगा होता. आमचा सराव घेणाऱ्या सयाजी सरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, कंपनी पहिल्यांदा निकाल बघते, मग इन्स्टाग्राम बघते अन् मग करार करते. वर्षभर बूट, खुराक, महिन्याला मानधन. बदल्यात तिचं नाव छातीवर घेऊन पळायचं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या बापानं, हिशेब साफ मांडला होता. "परीक्षा झाली की पळणं बंद. पोलीस भरती, न्हाईतर लगीन. पळायचा पगार देणारा कोण भेटला तर मग पळ." म्हणजे करार झाला तर मी पळणार. नाही झाला तर संपलं.

ऋषिराज फोनवर म्हणाला, "घर बघायचंय तुमचं. घरच्यांना भेटायचंय." अन् हे अण्णांनी ऐकलं. आमच्याकडं पोरीचं घर बघायला माणसं एकाच कामाला येतात. अण्णा, लालासाहेब हवालदार, फौजेतनं निवृत्त झालेला माणूस, लगेच मोहिमेवर निघाले. दर्शनी भिंतीला चुना लागला. शेजारच्या हंबीररावांचा लाल सोफा आमच्या पुढच्या खोलीत आला. त्यांचीच पांढरी गाडी आमच्या दारात उभी राहिली.

"आवं अण्णा, ते मला नांदवायला न्यायला येणार हायत व्हय?"

"तू गप. घराणं बरं दिसलं पायजे. भिकाऱ्याच्या पोरीवर कोण पैका लावतंय?"

दुपारी ऋषिराज आला. बरोबर कॅमेरावाला. आईनं कांदेपोहे केले होते, अन् ट्रे माझ्याच हातात दिला. सकाळचं न पळलेलं सगळं पायांत साठलं होतं. सोफ्यावर बसले तरी टाच थांबेना. आई डोळ्यांनी दटावत होती, टाच ऐकत नव्हती.

"सैपाकबी करती ती," अण्णा म्हणाले.

कॅमेरावाल्याला पोह्यांचा ठसका लागला. ऋषिराज गोड हसला. "काका, हिचा स्ट्रगल सांगा ना थोडा."

"म्हंजी?"

"त्रास. अडचणी. काय काय सोसलं तिनं."

अण्णांनी छाती काढली. "काय न्हाई सोसलं. देवाच्या दयेनं सगळं हाय. दारात गाडी हाय. बगितलीच की तुमी."

ऋषिराजनं सोफ्यावर हात फिरवला, बाहेर गाडीकडं बघितलं, अन् कॅमेरावाल्याला हळू म्हणाला, पण मला ऐकू गेलं, "इथं स्टोरी नाहीये रे. ती मेढ्याची मुलगीच बरी."

मेढ्याची वेणू. चांगली पोरगी आहे, पण शर्यतीत माझ्या मागं येते. कायम मागंच येते. मला निकाल माहीत होते, ह्याला ते विचारायचेसुद्धा नव्हते. गरिबी विकत घ्यायला गिऱ्हाईक दारात आलं होतं, अन् माझ्या बापानं माल सोफ्यामागं दडवून ठेवला होता.

अण्णांनीही ते ऐकलं होतं. ते उठले. टोपी काढली, परत घातली.

"सायेब, बसा. सोफा आमचा न्हाई."

उठायला लागलेला ऋषिराज परत टेकला.

"गाडीबी न्हाई. मागं चला, दावतो."

पाहुण्याला पुढच्या खोलीच्या आत न नेणारा हा माणूस. त्यानं त्या दोघांना स्वतः मागं नेलं. धुरानं काळी झालेली भिंत दाखवली. गोठा दाखवला. वाऱ्यानं उडू नये म्हणून पत्र्यावर ठेवलेले दगड बोटानं दाखवले. ऋषिराजचा चेहरा उजळत गेला. "काका, हेच तर पाहिजे होतं. आधी नाही का सांगायचं."

कॅमेरा सुरू झाला. मग माझी पाळी. मागं येताना मी पळायचे बूट घातले होते. "ताई, बूट काढा. त्या बांधावरून अनवाणी पळत या. डोक्यावर वैरणीचा भारा असला तर भारीच."

"अनवाणी मी कवाच पळले न्हाई."

हे खरं होतं. शाळेत पहिली शर्यत जिंकले, तेव्हा अण्णा सुट्टीवर येताना मिलिटरी कॅन्टीनमधून बूट घेऊन आले. मोठे झाले, तर पुढं कापूस कोंबून दिला. त्यानंतर प्रत्येक सुट्टीला बूट. फौजेच्या पोस्टवरून फोन करायचे तर आधी विचारायचे, पाय केवढा झाला.

"बूट तुमी विकता," मी म्हटलं, "अन् मला अनवाणी पळवता?"

"शेवटी आमचे बूट मिळतात ना तुम्हाला. तिथंच तर पब्लिक रडतं."

मी अण्णांकडं बघितलं. ते माझ्या पायांकडं बघत होते.

"काढ," ते म्हणाले. "एवढ्यानं काय हुतंय. काढ, बाळ."

गावात ज्याच्या आवाजाला कुत्रीसुद्धा बाजूला होतात, त्याचा तो आवाज मला सहन झाला नाही. मी वाकले. सगळ्यांना वाटलं, सोडतीय. मी नाड्या आवळल्या. वर आणखी एक गाठ मारली.

"पडकं घर घ्या," मी ऋषिराजला म्हटलं. "शेण काढताना घ्या, रोज काढते. पर बापानं मला अनवाणी ठेवली, हे खोटं मी कॅमेऱ्याफुडं दावणार न्हाई."

"मग अवघड आहे, ताई."

"आसू दे अवघड."

गेले ते. अर्धे पोहे तसेच राहिले. मला काही शूरबिर वाटत नव्हतं. माझं पळायचं वर्ष मीच माझ्या हातानं दारातनं घालवलं होतं, अन् आता ते वेणूच्या घरी जाणार होतं.

अण्णा सोफ्याजवळ जाऊन उभे राहिले. "धर तिकडनं."

आम्ही दोघं सोफा घेऊन निघालो. हंबीरराव कट्ट्यावर बसलेले.

"काय लालासाहेब, पाहुण्यांची पसंती आली का न्हाई?"

"पसंती आली रं," अण्णा म्हणाले. "पर हुंडा लय मागत हुते."

सोफा जागेवर ठेवला. अण्णांनी सोफ्याचा हात टॉवेलनं पुसला. बाहेर आलो तरी माझे पाय एका जागी ठरेनात.

"भरती कवा हाय?" मी विचारलं.

"ते बगू. तू सकाळधरनं पळली न्हाईस."

"ह्या ड्रेसवर?"

"बूट हायत की."

मी ओढणी त्यांच्या हातात दिली अन् कालव्याच्या रस्त्याला लागले. पुढच्या वर्षाचं अण्णा काही बोलले नव्हते, मीही विचारलं नव्हतं. वळणावर मागं बघितलं, तर ते ओढणी खांद्यावर टाकून तिथंच उभे होते, अन् हातानं खुणावत होते, चल, चल, मागं काय बगतीस.