थंड इंजिनाचं टायमिंग

बाबांनी बॉनेट उघडलं तेव्हाच माझं डोकं फिरलं. उद्या सकाळी मला नाशिकच्या शाळेत हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या बाईला. एसटीने कधीच निघाले असते. पण बाबांचा हट्ट, "माझ्या पोरीला मीच सोडनार, आपल्या फियाटनं." आई गेल्यापासून त्यांचा हट्ट मोडायची माझी छाती होत नाही.

"स्नेहल, आत बस. रेस दे."

दर रविवारचं माझं हे काम. बाबा वाकून ठिणगीची वेळ लावणारा डिस्ट्रिब्यूटर केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवणार, इंजिनाला कान देणार आणि मी अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. जन्मभर टॅक्सी चालवलेला माणूस. टायमिंग बसलं की आवाज कसा गोड होतो, हे मला बाराखडीआधी कळलं.

"आज बिगडलीय गाडी," ते बोल्ट सैल करत म्हणाले.

कालच तर आम्ही नेऱ्याला जाऊन आलो, काही कुरकुर नव्हती. आणि टायमिंगला हात लावायचा तो इंजिन तापल्यावरच, हा नियम बाबांचाच. आधी शिरढोणपर्यंत चक्कर, मग पाना. थंड इंजिनाला पाना लावणाऱ्या भल्याभल्या मेकॅनिकांना त्यांनी शिव्या घातल्या होत्या. मी उतरून इंजिनावर हात ठेवला. थंडगार.

गेल्या वर्षी पुण्याची नोकरीसुद्धा अशीच, ऐन वेळी गाडी बिघडल्याने हातची गेली होती. तेव्हा मी नशिबाला बोल लावला.

"बाबा, तुमी मुद्दाम करताव ना?"

ते पान्याशी चाळा करत राहिले. "तू गेलीस का घरान कोन हाय? मी भिंतीशी बोलू?"

मला संताप आला आणि लगेच त्यांची दया आली. माझा घात होतो तो इथेच. तरी बॅग उचलून फाटकापर्यंत गेले. रिक्षा थांबलीसुद्धा.

"जा तू," मागून बाबा म्हणाले. "येकदा रेस दे फकस्त. गाडी चालू झाली का जा."

एकट्या माणसाला हे काम जमत नाही. मी रिक्षावाल्याला नको म्हटलं.

किल्ली फिरवली, रेस दिली. बाबांनी डिस्ट्रिब्यूटर फिरवला आणि इंजिन अगदी गोड चालायला लागलं. टायमिंग बसलं होतं. बॉनेटच्या फटीतून मला त्यांचा हात दिसत होता. तो जरासा थांबला, मग पुन्हा फिरला. इंजिन बंद पडलं.

"परत दे," बाबा म्हणाले.

मला रडू येत होतं. मी किल्ली फिरवली.