झापडीखालचं आरे-वारे

मी एक जुनी झापड आहे. टांग्याच्या घोड्याची नव्हे हं मित्रांनो, वैमानिकाची! मला कपाळावर चढवलं की खिडकीबाहेरचं काही दिसत नाही, समोरच्या, उंची नि कल दाखवणाऱ्या तबकड्या तेवढ्या दिसतात. ढगात शिरल्यावर त्यांच्याच भरवशावर विमान चालवायचं असतं. त्याचा सराव माझ्याखाली होतो.

माझे मालक हरिहरकाका, मालगुंडचे आंबा बागायतदार. हौसेनं विमान शिकले, ढगात उडायचा परवानाही मिळवला. सरावाला शेजारी त्यांची पुतणी आर्या बसे. तीही वैमानिक, बाहेर लक्ष ठेवण्याचं काम तिचं. "काका, काय सरळ नेलंत हो!" असं ती म्हणाली की काका फुलून जात. माझा मात्र जीव खालीवर होई. कारण काका हनुवटी जरा वर करून माझ्या कडेखालून हळूच बाहेर बघत. आरे-वारेचे जुळे किनारे दिसले की झालं! लहानपणापासून पायाखालचा मुलूख, त्यांना तबकड्या हव्यात कशाला?

मग आंब्याचा हंगाम आला. मी पेट्यांच्या खोलीत खुंटीवर. रोज वाटे, आज नेतील, आज नेतील. काका पेट्यांत पेंढा भरण्यात दंग. माझ्यावर कोळ्याने जाळं विणलं.

हंगाम संपला आणि काका आर्याला घेऊन थेट खऱ्या ढगात शिरले. मी मागच्या सीटवर पडून होते. सवयीने काकांची हनुवटी वर गेली. बाहेर सगळं पांढरं! ना आरे, ना वारे. विमान डावीकडे कलत होतं आणि काकांना वाटत होतं, सरळच चाललंय. मला ओरडावंसं वाटलं, पण झापडीला तोंड कुठलं?

"काका, बाहेर काय बघताय? तबकडी बघा! आपण कलतोय!" आर्या ओरडली आणि तिने स्वतःच दांडा धरला. विमान सरळ झालं.

उतरल्यावर काकांनी मला मागच्या सीटवरून उचललं.

"आर्ये, सरावात मी चोरून बघायचो गो," ते म्हणाले. "आज तुझा जीव घेतला असता मी."

घरी येऊन त्यांनी माझ्या कडांना काळं कापड शिवलं. सुई टोचली, पण मला केवढं हायसं वाटलं!

आता पुन्हा हंगाम आहे. तरी दर रविवारी हाताचा चीक पुसत काका मला न्यायला येतात. आज रविवार. ऊन चढलं, पेट्यांचे ढीग वाढले, पण पाऊल वाजत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरी सरावाचं काही खुंटीवर अडकलं असेल, तर आजच खाली काढा. आणि सरावात चोरून बघू नका.

काका, या ना हो लवकर! शेजारी आर्या बसणार आहे.