धनाजीचा साइड ड्रम

"थिनर आनलास? जा, घरी ने तो." बाळारामने बाटली दीपेशच्या हातात परत कोंबली. "यो रंग नाय रं, पापुद्रा हाय. थिनर लागला का मोतीबिंदू पडेल त्याला."

"बरं काका, तुमी बोलाल तसं. पण एकदम पांढरा करा, पहिल्यासारखा. रविवारी माज्या बहिणीची, भाविकाची हळद. वर्ष झालं, बाबा आमाला कोनालाच ओळखत नाहीत. ड्रम तरी ओळखतील. एकदा काडी टेकवली ना, बस्स, तेवढंच पायजे तिला."

दीपेश गेला. बाळारामने ड्रम ओट्यावर घेतला. करावे गावच्या बँडमध्ये दीपेशचा बाप धनाजी हा ड्रम वाजवायचा आणि बाळाराम शेजारी ट्रम्पेट. बँड मोडला, ट्रम्पेट विकला गेला. बाळाराम मात्र जुने ड्रम दुरुस्त करत वाद्यांच्या सावलीतच राहिला.

त्याने पेच सैल करून कडं उतरवलं. ड्रमच्या लाकडी अंगावर शिंपल्यासारखा झळाळणारा पातळ पापुद्रा होता, पण सुकलेल्या मिठागरासारखा तडकलेला. कोमट पाण्यात साबणाचा थेंब, मऊ सुती फडकं, आणि हात असा, की झोपलेल्या बाळाचं तोंड पुसावं. धुराची काजळी निघाली, घामाचे ओघळ निघाले. कडेखालची पिवळी बोटं तेवढी निघेनात.

हळद होती ती. लगीनघरात पहिली थाप पडायच्या आधी घरची आई ड्रमवर हळदीचा हात उमटवायची आणि धनाजी तो कधीच पुसायचा नाही. "लगीन पुसतात काय?" म्हणायचा. हातावर हात, पिवळ्यावर पिवळं. बाळारामच्या आईचाही हात त्यात कुठेतरी होता. कुठला, ते आता कुणाला सांगता आलं असतं?

त्याने फडकं पिळून बाजूला ठेवलं. पोराने पांढरा मागितलाय. पोरीची हळद आहे. हळदीला उतारा एकच, ऊन. त्याने ड्रम उन्हात ठेवला आणि पाठ फिरवून बसला. खाडीवरून वारा येत राहिला. दोन दिवसांत सगळी लग्नं उडून गेली.

रविवारी संध्याकाळी मांडवात लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीने सूर लावला होता. दीपेशने ड्रम वडिलांच्या मांडीवर ठेवला. चांदणं सांडल्यासारखा ड्रम. "बाबा, तुमचा ड्रम!"

धनाजीने तो फिरवला. कडेखाली बोटं घातली, चाचपली, पुन्हा चाचपली.

"यो माजा नाय."

"तुमचाच आहे, बाबा!"

"माज्यावर हळद हाय."

दीपेशने बाळारामकडे पाहिलं. बाळारामने मान खाली घातली. भाविकाची आई कमळी मात्र उठली. तिने हळदीच्या वाटीत हात बुडवला आणि ड्रमच्या पांढऱ्या कुशीवर पाचही बोटं दाबून उमटवली.

धनाजीचा चेहरा सैल झाला. त्याने ड्रम जवळ ओढला, काड्या हातात घेतल्या, मनगटं आपोआप वळली. मग शेजारी बघून म्हणाला, "बाला, तू हाय ना? कोनाचे घरची हळद ही?"

वर्षभरात त्याने उच्चारलेलं हे पहिलं नाव. कमळीने पदर तोंडाला लावला.

"तुजेच घरची रं," बाळाराम म्हणाला. "भाविकाची."

पिवळी झालेली भाविका पाटावरून उठून पुढे आली, त्याच्या गुडघ्यापाशी बसली. धनाजीने तिला नीट न्याहाळलं.

"गोड हाय पोर," तो म्हणाला. "बापूस खंय गेला हिचा?"

धवलारीण गाता गाता थांबली. भाविकाने त्याच्या हातातल्या काड्या नीट केल्या. मग तिनेच सांगितलं, "येतील ते. तुमी वाजवा ना."

"नाय गो बाय," धनाजी समजुतीने म्हणाला. "बापसाबिगर पयली थाप मारीत नाय. येव दे त्याला."

काड्या चामड्यावर अलगद टेकवून तो मांडवाच्या दाराकडे बघत बसला.